सशाचे पुढचे दात कापून प्रश्न का सुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या वारज्याच्या एका ताईंकडे साडेतीन वर्षांचा ससा आहे. नाव चिकू, वजन दीड किलोच्या आसपास. पहिली तीन वर्षं त्याचे दात अगदी सरळ होते. गेले दोन महिने तो गवत हुंगतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. गाजर आणि भिजवलेली पोळी मात्र खातो. हनुवटी ओली असते, डाव्या डोळ्यातून पाणी येतं. पुढचे दात वाढलेत म्हणून एका दवाखान्यात नेलकटरने दोनदा कापून आणले. दोन्ही वेळा आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच सुरू झालं. आता त्यांना विचारायचंय की दर महिन्याला असे दात कापत राहायचं का, कोणी भूल द्यायला सांगितलं तर द्यावी का, आणि त्याला खायला नक्की काय घालावं.

ताई, आधी एक तातडीची गोष्ट. हे वाचताना चिकूने गेल्या दहा-बारा तासांत काहीच खाल्लं नसेल, किंवा पिंजऱ्यात लेंड्या दिसत नसतील, तर वाचन इथेच थांबवा आणि त्याला घेऊन निघा. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो, यकृतावर चरबी चढते आणि एका दिवसात ससा हातचा जाऊ शकतो. कुत्र्याने एक दिवस खाल्लं नाही तर आपण उद्यापर्यंत वाट बघतो. सशाच्या बाबतीत तशी वाट बघू नका.

तो अजून थोडंफार खात असेल तर पुढचं शांतपणे वाचा.

पहिली तीन वर्षं दात सरळ होते, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. ज्या सशाचे पटाशीचे दात जन्मापासूनच एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्याचं पहिल्या काही महिन्यांतच लक्षात येतं. आखूड तोंडाच्या बुटक्या जातींत आणि कान पडलेल्या जातींत हे जास्त दिसतं. पण तीन वर्षं चांगले असलेले दात जेव्हा अचानक वाढायला लागतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या दातांत नसतो, मागच्या दाढांत असतो. पुढचे दात आपल्याला दिसतात म्हणून आपण तिथेच कात्री चालवतो. दाढा ओठांच्या आणि गालांच्या आड लपलेल्या असतात आणि दुखणं तिथे वाढत राहतं.

सशाला एकूण २८ दात असतात. वर पुढे दोन मोठे पटाशीचे दात, त्यांच्या मागे लगेच दोन बारीक खुंटीसारखे दात, आणि खाली दोन. हे झाले सहा. सुळे नसतात. त्यानंतर बरीच मोकळी जागा, आणि मग दाढा: वर दोन्ही बाजूंना सहा-सहा, खाली पाच-पाच. म्हणजे २८ पैकी २२ दात तुम्हाला घरी कधी दिसतच नाहीत. वरच्या दातांमागे त्या दोन खुंट्या असतात म्हणूनच ससा उंदराच्या गटात बसत नाही. उंदराला, हॅमस्टरला त्या नसतात. तोंड बंद असताना खालचे दात बरोबर या खुंट्यांवर टेकतात. तसे टेकत असतील तर पुढचा भाग ठीक आहे असं समजा.

हे सगळे दात आयुष्यभर वाढतात, दाढासुद्धा. पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, दाढा महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. निरोगी सशात जितकं वाढतं तितकंच झिजतं. ही झीज होते कशी, ते समजून घेण्यासाठी आजीचं जातं आठवा. वरची तळी खालच्या तळीवर फिरते आणि मध्ये दाणा असतो. सशाचा खालचा जबडा गवत खाताना असाच आडवा फिरतो, मिनिटाला शंभरहून जास्त वेळा. गवताच्या पात्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. तिने दाढांचा माथा सारखा घासला जातो. पोळी, ब्रेड, बिस्किट, भिजवलेले हरभरे, अगदी गाजरसुद्धा खाताना जबडा आडवा फारसा फिरत नाही. तो वरखाली होतो, घास चेपतो आणि गिळतो. शिवाय असल्या खाण्यानं पोट दहा मिनिटांत भरतं. गवत खाणारा ससा दिवसाचे कितीतरी तास चघळत असतो. पोळी खाणाऱ्याचं जातं उरलेला दिवस नुसतं उभं असतं आणि दाढा मात्र वाढत असतात.

पुढे काय होतं ते क्रमाने सांगतो, कारण तुमच्या चिकूची सगळी लक्षणं या क्रमात बसतात. सशाचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. त्यामुळे झीज कमी पडली की खालच्या दाढांना आतल्या बाजूने, जिभेकडे टोकं येतात, आणि वरच्यांना बाहेरच्या बाजूने, गालाकडे. ही टोकं कुसळासारखी अणकुचीदार असतात. जीभ हलली की टोचतात. मग ससा भुकेने गवताकडे येतो, हुंगतो, एक काडी तोंडात घेतो, दोनदा चावतो आणि सोडून देतो. घरच्यांना वाटतं याला गवत आवडेनासं झालं. त्याला गवत हवं असतं, पण चावताना जीभ कापते. लाळ गिळणंही दुखतं म्हणून ती हनुवटीवर ओघळते. पुढच्या पायांनी तोंड पुसून पुसून त्या पायांची आतली लव चिकट होते. आज रात्री चिकूचे पुढचे पंजे आतून बघा. लव गुठळ्या झालेली असेल तर लाळ बऱ्याच दिवसांपासून गळते आहे.

दाढा उंच झाल्या की तोंड पूर्ण मिटत नाही. तोंड मिटलं नाही की पुढचे दात एकमेकांना घासत नाहीत, आणि मग तेही वाढतात. म्हणजे तुम्हाला दिसलेले वाढलेले दात हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. आणि वर जायला जागा उरली नाही की दाढा उलट दिशेने, मुळाकडून हाडात घुसायला लागतात. खालच्या जबड्याच्या कडेला बोटांना गाठी लागतात. वरच्या बाजूला डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळी याच मुळांना लागून जाते. ती दबली की डोळ्यातून पाणी वाहतं. चिकूच्या डाव्या डोळ्याचं पाणी नुसतं डोळ्यात घालायच्या थेंबांनी थांबेल असं मला वाटत नाही. डोळा घेऊन आलेल्या सशाचं आधी तोंड बघावं, हे मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो.

त्याला न बघता मी निदान करणार नाही. पण वय, गवत सोडणं, लाळ, एका डोळ्याचं पाणी आणि नंतर वाढलेले पटाशीचे दात, हे सगळं एकत्र आलं की मी तरी दाढा बघितल्याशिवाय दुसरं काही करत नाही.

आता नेलकटरबद्दल. याबद्दल मला फार कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सशाचे दात मी कटरनेच कापायचो. आम्हाला शिकवलं होतं ते मुख्यतः गाय, म्हैस, घोडा, कुत्रा. सशाच्या तोंडाचा धडा कुणी दिला नव्हता. एका पांढऱ्या मादीचा दात कापताना कट् असा आवाज झाला आणि दात आडवा न तुटता उभा चिरला, थेट हिरडीच्या आत. त्या क्षणी रक्त आलं नाही, म्हणून मी सोडून दिलं. अडीच महिन्यांनी ती परत आली तेव्हा हनुवटीखाली सुपारीएवढं गळू होतं. त्या दिवशी कटर बाजूला ठेवला तो कायमचा. सशाचा दात म्हणजे नख नव्हे. कटरच्या दाबाने तो उभा तडकतो, आतली नस उघडी पडते, मुळाला धक्का बसतो आणि पुढचा दात वाकडाच उगवतो. दात कमी करायचाच असेल तर वेगाने फिरणाऱ्या बारीक बरने (म्हणजे दात घासायच्या टोकाने) किंवा डायमंड डिस्कने, जीभ आणि ओठ बाजूला धरून. त्यात दात चिरत नाही आणि कडाही गुळगुळीत राहते.

मग दोन्ही वेळा आठवडाभर बरं का वाटलं? त्या दिवशी वेदना कमी करणारं इंजेक्शन किंवा औषध दिलं गेलं असेल, तर मला वाटतं श्रेय त्याचं आहे. दुखणं दबलं म्हणून तो खायला लागला. टोकं जागच्या जागीच होती. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असे दात कापत राहू नका.

काय करायला हवं ते सांगतो. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी आधी चिकूचं वजन ग्रॅममध्ये घ्यायला हवं. मग जबड्याच्या दोन्ही कडा बोटांनी चाचपायला हव्यात, डोळ्यांखाली दाबून बघायला हवं, आणि ओटोस्कोप, म्हणजे कान तपासायचं ते नळीचं यंत्र, तोंडात घालून दाढा बघायला हव्यात. सशाचं तोंड फार थोडं उघडतं, गाल आत येतात आणि जीभ मध्ये येते, त्यामुळे जाग्या सशात दिसतं ते अर्धवटच. तिथे काही दिसलं नाही म्हणून काही नाही, असं मी कधीच म्हणत नाही. नीट बघायचं तर भूल आणि डोक्याचे एक्स-रे. एकच एक्स-रे काढून भागत नाही. बाजूने एक, दोन्हीकडून तिरपे, आणि वरून एक, असे निदान चार तरी हवेत, कारण बाजूने काढला की डावी-उजवी मुळं एकावर एक येतात. सीटी स्कॅनमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं, पण प्रत्येक सशाला त्याची गरज नसते.

भुलेची भीती वाटणं बरोबर आहे, आणि ती खोटी आहे असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के आणि सशांमध्ये १.३९ टक्के निघालं. पण त्याच पाहणीत निरोगी सशांचं प्रमाण याच्या साधारण निम्मं होतं आणि आजारी सशांचं कितीतरी जास्त. यातून मी एकच अर्थ काढतो: ससा अंगात ताकद असताना न्या. चिकू दीड किलोचा आहे तोवर भुलेचा धोका घेण्यासारखा आहे. तो अकराशे ग्रॅमचा झाल्यावर तुम्ही नाइलाजाने याल, तेव्हा तोच धोका कितीतरी पटींनी वाढलेला असेल. अशक्त ससा आला तर मी आधी दोन-तीन दिवस सलाइन, वेदनाशामक आणि भरवणं यावर उभा करतो आणि मगच भूल देतो.

डॉक्टरांना विनासंकोच विचारा: सशांना भूल देण्याचा सराव आहे का, गॅसची भूल आणि ऑक्सिजन आहे का, भुलेत असताना ऊब देण्याची सोय काय, आणि दात घासणाऱ्या डॉक्टरांखेरीज श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का. आणि एक खूण लक्षात ठेवा. भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, तर ते कुत्र्या-मांजरांच्या सवयीने सांगतायत. सशाला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही. उलट उपाशी ठेवलं तर आतडं मंदावतं. माझ्याकडे येणारे ससे गवत घेऊनच येतात.

भूल लागल्यावर जे दिसतं ते एकदा तरी पालकांनी बघावं असं मला वाटतं. मी शक्य तेव्हा फोटो काढून दाखवतो. परवाच कोथरूडहून आलेल्या एका सशाचं सांगतो. तोंड हळूच फाकवून गाल बाजूला केले, दिवा आत टाकला. डाव्या खालच्या पहिल्या दोन दाढा जिभेवर कमानीसारख्या कलल्या होत्या आणि जीभ त्या कमानीखाली अडकली होती. जिभेच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये लालभडक. त्या खाचेत गवताची एक काडी रुतली होती. म्हणजे तो शेवटपर्यंत गवत खायचा प्रयत्न करत होता. लांब दांड्याच्या बरने, जिभेवर पट्टी धरून, टोकं घासून दाढांची उंची उतरवायला वीस मिनिटं लागली. दाढा पूर्ण सपाट करायच्या नसतात, जात्यासारखा थोडा खडबडीतपणा हवाच. जाग आल्यावर तीन तासांनी त्याने दूर्वांची चार पाती ओढली. त्याच्या घरच्या काकू तिथेच बसून रडल्या.

घरी आल्यावर जिभेची जखम भरायला आठवडा तरी जातो, म्हणून वेदनाशामक औषध सांगितलेले सगळे दिवस द्या. ससा गप्प बसलाय म्हणजे दुखत नाहीये असं समजू नका. दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी आहे तो, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. डोळे अर्धे मिटून पाठ कमानीसारखी करून बसणं आणि दातांचा कराकरा आवाज करणं या त्याच्या दुखण्याच्या खुणा. कुरवाळताना येणारी हलकी कटकट वेगळी, ती सुखाची.

खाणं कमी पडलं तर भरवावं लागतं. त्याच्या नेहमीच्या पेलेट्सची, म्हणजे सशाच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांची, मिक्सरमध्ये पूड करा, कोमट पाण्यात सरबरीत भिजवा, किंवा डॉक्टरांकडे सशांसाठीची तयार पावडर असते ती घ्या. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर सरळ बसवा, उताणा कधीच करू नका. सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून कडेने आत घाला आणि एकावेळी अर्धा-एक मिली सोडा, तो चावेल, गिळेल, मग पुढचा. दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली, चार-पाच वेळांत वाटून. दीड किलोच्या चिकूला दिवसभरात ७५ मिलीच्या आसपास. पोट ढोलासारखं ताठ असेल तर मात्र भरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

अँटिबायोटिकची गोष्ट प्रत्येक ससा पाळणाऱ्याने पाठ करावी. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे कधीही देऊ नयेत. घरात मुलांसाठी आणलेलं गोड सिरप बऱ्याचदा यातलंच असतं. सशाच्या आतड्यात चारा आंबवणारे उपकारक जंतू असतात. ही औषधं त्यांना मारतात, विषारी जंतू माजतात आणि दोन-तीन दिवसांत जुलाब होऊन ससा दगावतो. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून काही देऊ नका. दातांच्या संसर्गासाठी सशाला चालणारी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टर वजन बघून देतील. घरात आधीपासून काही चालू असेल तर ती बाटलीच सोबत न्या.

एक्स-रेमध्ये मुळाशी गळू निघालं तर काम मोठं होतं. सशाचा पू पातळ नसतो, श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट असतो. त्यामुळे माणसासारखी चीर देऊन तो वाहून जात नाही, आणि नुसत्या गोळ्यांनीही सहसा बरा होत नाही. गळवाची पिशवी जमेल तितकी काढायची, खराब दाढ काढायची आणि जखम उघडी ठेवून आठवडे धुवायची, असं ते काम असतं. वेळेत धरलं तर त्यातूनही ससे चांगले बाहेर येतात. दोन्ही जबड्यांत मुळं पसरली असतील आणि औषधं देऊनही ससा रोज दुखण्यातच असेल, तर त्याला शांतपणे जाऊ देणं हीच दया असते. हे मी पालकांना स्पष्ट सांगतो. तुमच्या चिकूच्या वर्णनावरून आज तरी तो विषय नाही.

जन्मतः वाकडे पटाशीचे दात असलेल्यांबद्दल दोनच वाक्यं. त्यांचे दात दर तीन-चार आठवड्यांनी बरने कमी करण्यापेक्षा ते सहाही दात भुलेखाली काढून टाकणं अनेकदा बरं पडतं, कारण ससा ओठांनी चारा उचलायला शिकतो आणि बारीक चिरलेली पालेभाजी मजेत खातो. आणि अशा सशांची पिल्लं घेऊ नका.

आता खाणं. इथे मला थोडं पसरून लिहायचंय, कारण पुण्यात ससा आणणारे बहुतेक लोक गवताला सोबतीचं खाणं समजतात. दुकानदार रंगीत दाण्यांचं पाकीट देतो, मुलं गाजर आणतात आणि गवत आठवड्यातून एकदा येतं. खरं तर सशाच्या ताटात ऐंशी टक्क्यांहून जास्त गवतच हवं, ताजं किंवा वाळलेलं, दिवसरात्र समोर, त्याच्या अंगाएवढा ढीग. पाकिटातलं विलायती टिमोथी गवत चांगलंच असतं, परवडत असेल तर जरूर आणा. पण आपल्याकडे हरळी आहे ना! मंडईत, देवळांबाहेर जुड्या मिळतात त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि परदेशात याच गवताचं वाळवण करून जनावरांना घालतात. गणपतीच्या दिवसांत तर ढिगाने मिळते. फक्त देवाला वाहिलेल्या दूर्वा सशाला घालू नका. त्यांना हळद, गुलाल, अष्टगंध लागलेलं असतं. सोसायटीच्या लॉनवर औषध मारलंय का ते माळ्याला विचारा. रस्त्याच्या कडेचं गवत नकोच, त्यावर धूर बसलेला असतो आणि कुत्री मुतून गेलेली असतात.

गोठ्यांना चारा पुरवणाऱ्यांकडे हत्ती गवत किंवा गिनी गवत मिळतं. त्यातली जून कांडी काढून पाती घाला. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं आणि लघवीत खर पडते. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. तिने गुरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं, मग दीड किलोच्या जिवाचं काय. कडबा कुट्टी मी टाळतो, धूळ फार आणि कांड्या जाड. आणि टेकडीवरून गवत आणणार असाल तर कुसळांचं आणू नका. ऑक्टोबरनंतर टेकड्यांवरचं गवत कुसळांनी भरतं. तसली कुसळं मी हिरड्यांतून चिमट्याने काढली आहेत.

पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मेमध्येच करा. हरळी आणून गच्चीवर सावलीत, जुन्या सुती चादरीवर पातळ पसरा, रोज एकदा उलटा. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत ती वाळते आणि चहासारखा वास यायला लागतो. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको. जुलै-ऑगस्टमध्ये खोकं उघडल्यावर कुबट वास आला किंवा पांढरी भुकटी उडाली तर अख्खं खोकं टाकून द्या. बुरशीचं गवत वाचवून काही मिळत नाही.

गवतासोबत रोज मूठ-दोन मुठी पाला: कोथिंबीर, मेथी थोडी, मुळ्याचा पाला, पुदिना. पेलेट्स किलोमागे २५ ग्रॅमपेक्षा जास्त नकोत, म्हणजे चिकूला दोन-तीन मोठे चमचे. गाजर म्हणजे साखर, आठवड्यातून एखादी चकती. पोळी, भात, बिस्किट, हरभरे पूर्ण बंद. पण हे एकदम उद्यापासून नको. ज्याची जीभ कापलेली आहे त्याच्यापुढे नुसतं गवत ठेवलं तर तो उपाशी मरेल. आधी दाढा नीट करून घ्या, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदला. सुरुवातीला कोवळ्या दूर्वा बोटभर कापून, पाल्यात मिसळून द्या. लाकडाचे तुकडे, खनिजाच्या वड्या यांनी दाढा झिजतात हा समज चुकीचा आहे. लाकूड कुरतडलं तर पुढचे दात वापरले जातात, दाढांपर्यंत ते पोचतच नाही.

एकदा मुळं बदलली की ती पूर्ववत होत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. चिकूच्या दाढा पुन्हा घासाव्या लागतील. कुणाला सहा आठवड्यांनी, कुणाला सहा महिन्यांनी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्याचं अंतर कळतं. गवत जितकं जास्त खाईल तितकं हे अंतर वाढतं, असा माझा अनुभव आहे. खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून आधीच घ्या आणि वर्षाचा हिशेब करा, म्हणजे मधेच हात आखडता घ्यावा लागत नाही.

घरी लक्ष ठेवायला एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. टोपलीत बसवून दर रविवारी वजन लिहून ठेवा. दीड किलोच्या सशाचे शंभर ग्रॅम कमी झाले तर डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. वजन करताना जबड्याच्या खालच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोटं फिरवा. दोन्ही बाजू सारख्या लागायला हव्यात. शेपटीखालची जागाही बघा. ससा एरवी स्वतःची मऊ लेंडी खातो. तोंड दुखत असेल तर ती खात नाही आणि ती तिथेच चिकटते. पावसाळ्यात त्यावर माश्या बसून एका दिवसात अळ्या पडतात.

न्यायचं कसं, तेही सांगतो. उन्हाचे दिवस असतील तर सकाळी आठच्या आत निघा. बंद पाटीत किंवा कॅरियरमध्ये खाली टॉवेल आणि त्याच्या ओळखीचं गवत. वर ओलसर फडकं टाका, म्हणजे गारवाही राहतो आणि रस्त्याची गडबड दिसत नाही. दवाखान्यात कुत्र्यांपासून लांब बसा. उचलताना कान कधीच धरू नका, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. हवेत लाथ झाडली तर सशाचा कणा स्वतःच्याच जोराने मोडतो. जोडीदार ससा असेल तर दोघांना सोबतच न्या, वेगळे केले की खाणं सोडतात. निघण्याआधी तो गवत तोंडात घेऊन टाकतो तेव्हाचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, दवाखान्यात तो भेदरून काहीच खाणार नाही. आणि आदल्या रात्रीच्या लेंड्या एका डबीत घालून आणा. त्यांचा आकार आणि आतली काडी बघून त्याच्या दाढा किती काम करतायत, ते तोंड उघडण्याआधीच बरंचसं समजतं.